दोन गाड्या, दोन वेगळ्या टेस्ट ड्राइव्ह

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकाच डीलरकडे जवळपास सारख्याच किमतीत दोन गाड्या मिळताहेत. एक नवी कोरी, छोटी, पेट्रोल ऑटोमॅटिक. दुसरी चार वर्षं वापरलेली, मोठी, डिझेल मॅन्युअल. दोन्ही दहा-दहा मिनिटं चालवल्या आणि दोन्ही आवडल्या. रोजचं जाणं-येणं सात-आठ किलोमीटरचं, तेही गर्दीतून. घरात गाडी चालवणारी दोन माणसं आणि एक लहान मूल. सेल्समन म्हणतोय, आजच बुकिंग करा.

आज बुकिंग करू नका. गाड्या वाईट आहेत म्हणून नव्हे, तर तुम्ही त्या अजून तपासलेल्याच नाहीत म्हणून. गुळगुळीत रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगाने, गाणी लावून, शेजारी गोड बोलणारा माणूस बसवून चालवली तर हल्लीची कुठलीही गाडी छानच वाटते. त्यात तुम्ही आपल्या जुन्या गाडीतून उतरून थेट तिच्यात बसलेले असता, त्यामुळे फरक दुपटीने जाणवतो. डीलरचा ठरलेला रस्ताही असाच निवडलेला असतो: खड्डे नाहीत, चढ नाही, गर्दी नाही.

बरीच वर्षं लोकांना गाड्या तपासून देण्याचं काम करतोय. त्यातून झालेलं माझं ठाम मत असं की नवी गाडी आणि वापरलेली गाडी यांची टेस्ट ड्राइव्ह एकाच पद्धतीने घेऊ नये. नवी गाडी यांत्रिकदृष्ट्या ठीक असणार हे गृहीत धरता येतं आणि वॉरंटीही असते. तिथे बघायचं ते हे की ती तुम्हाला जमते का, तुमच्या अंगाला, रस्त्याला, घरच्या माणसांना. वापरलेल्या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की ती धड आहे का. तो सुटल्याशिवाय जमण्या-न जमण्याकडे वळायचंच नाही. तुम्ही दोन्ही गाड्यांना एकच प्रश्न विचारलात, "आवडली का?", म्हणून उत्तर सारखंच आलं.

आधी नव्या गाडीचं बोलू.

फोन करून वेळ ठरवा, गर्दीचा दिवस टाळा, आणि निदान पाऊण तास हवा हे आधीच सांगा. कुठली गाडी चालवायला देणार तेही विचारा. पुष्कळदा डेमोची गाडी सगळ्यात वरच्या व्हेरियंटची असते आणि आपण घेणार असतो मधलं. इंजिन आणि गिअरबॉक्स तेच असायला हवं यात तर तडजोड नकोच, पण चाकांचा आकारही बघा. मोठ्या रिमवर टायरची भिंत बुटकी होते आणि गाडी जास्त आदळते. तुम्ही घेणार असलेल्या व्हेरियंटला लहान रिम असेल तर ती कदाचित डेमोपेक्षा मऊ चालेल. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तपासायला सांगा. किती हवी तो आकडा बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला असतो. हवा जास्त असेल तर चांगलं सस्पेन्शनही दगडासारखं वाटतं, आणि मग आपण उगाच गाडीला दोष देतो.

डीलर एक फॉर्म पुढे करेल. तुमचा परवाना, सही, वगैरे. तो वाचा. टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडीला काही लागलं तर खर्च कोणाचा, विमा कुणाला लागू, घरातलं दुसरं माणूस चालवणार असेल तर त्याचं नाव त्यात आहे का, एवढं बघितल्याशिवाय चावी हातात घेऊ नका.

आता लगेच इंजिन सुरू करू नका. गाडी उभी असतानाच अर्ध्या गोष्टी कळतात, आणि लोक नेमक्या त्याच सोडतात. सीट अशी लावा की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक राहील. पाठ सीटला टेकलेली असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. छाती आणि स्टिअरिंगच्या मधला भाग यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर राहिलं पाहिजे, कारण एअरबॅग उघडताना तिला तेवढी जागा लागते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाइतकी यावी. उंचीने लहान असलेल्या माणसाला पायांचं अंतर आणि छातीचं अंतर एकदम जमवता येत नाही, असं काही गाड्यांत होतं. स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे होत नाही, तिथे ही अडचण हमखास येते. घरात गाडी चालवणारी दोघं आहात ना, मग दोघांनीही हे करून बघायचं. एकाला बसलं म्हणजे दुसऱ्याला बसेलच असं नाही.

मग बाहेर बघा. पुढच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब अलीकडे जाड झालेत, कारण गाडी उलटली तर छताचं वजन त्यांना पेलायचं असतं. पण वळताना त्याच खांबाआड एखादा पायी चालणारा माणूस अख्खा लपू शकतो. मान हलवून तो दिसतो का, मागच्या काचेतून काय दिसतं, हे उभ्या गाडीतच बघून घ्या.

ड्रायव्हरची सीट तुमच्या मापावर ठेवून मागे जाऊन बसा. मुलाची चाइल्ड सीट सोबत न्या आणि खरोखर बसवून बघा. चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण ते सीटच्या गादीत इतके खोल असू शकतात की बोटं सोलवटून निघतात. मूल मागच्या दिशेला तोंड करून बसत असेल तर ती सीट लावल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात का, तेही बघा. हे शोरूममध्ये कळलं तर ठीक. घरी आल्यावर कळलं तर रोजची कटकट होते.

आता निघा. गाणी बंद, सुरुवातीला एसीचा पंखाही बंद, आणि सेल्समनला नम्रपणे सांगा की दहा मिनिटं मला फक्त गाडी ऐकायची आहे. चांगला सेल्समन हे समजून घेतो.

तुमचा रोजचा प्रवास गर्दीतला आहे, म्हणून गर्दीत जा. ऑटोमॅटिकची खरी परीक्षा सरपटणाऱ्या ट्रॅफिकमध्येच होते. ऑटोमॅटिक हे एकच नाव असलं तरी आत चार वेगवेगळी यंत्रं असू शकतात. टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी गाडी, ब्रेक सोडला की अलगद पुढे सरकते, आणि गर्दीसाठी तीच मला सगळ्यात निर्धास्त वाटते. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, म्हणून गिअर बदलल्याचा धक्काही नसतो, पण ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागून येतो. शांत चालवणाऱ्याला ती आवडते, घाई करणाऱ्याला वैताग देते. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाली, वेगात झकास, पण त्यातल्या काही अगदी कमी वेगात थोड्या अडखळतात, आणि ज्यांचे क्लच तेलात बुडालेले नसतात त्या सतत चालू-थांब केल्यावर तापूही शकतात. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्राकडे दिलेलं. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे जाते. काहींना दोन दिवसांत याची सवय होते, काहींना कधीच होत नाही. तुम्ही यातले कोण, हे पाच मिनिटांच्या गर्दीत कळेल.

गर्दीतच आणखी एक करून बघा. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, गाडी मंदावू द्या, आणि मोकळी जागा दिसल्यावर पुन्हा दाबा. किती उशिराने ओढ येते? छोट्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असताना, ही पोकळी ठळक असते. चौकात वळून वाहत्या रस्त्यात शिरताना तिचा त्रास होतो.

मग चढ शोधा. घरची माणसं बसवून, एसी चालू करून, चढाच्या मध्यावर पूर्ण थांबा आणि निघा. गाडी मागे घसरते का, निघताना धापा टाकते का? चढावरच रिव्हर्समध्ये एखाद्या अरुंद जागेत लावून बघा. ज्या जागेत रोज गाडी लावणार तिथेच नेऊ दिली तर उत्तम. मोकळ्या रस्त्यावर साठवरून नव्वदपर्यंत जायला किती जोर लावावा लागतो, हे एकदा भरल्या गाडीने बघा. शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते या आकड्यापेक्षा ते ओव्हरटेकच्या वेळी कामाला येतं.

खराब रस्ता मुद्दाम निवडा. वीस-तीसच्या वेगाने खड्ड्यांवरून जाताना बारीक धक्के किती आत येतात ते बघा. मग थोड्या जास्त वेगाने एखादा उंचवटा पार करा आणि गाडी एका झोक्यात स्थिर होते की दोन-तीन हेलकावे खाते ते बघा. याचा निवाडा मागे बसलेल्या माणसाने करायचा. ड्रायव्हरला मागच्या सीटचे हाल कधीच कळत नाहीत, म्हणून काही वेळ दुसऱ्याला चालवायला देऊन तुम्ही मागे बसा.

ब्रेक साध्या वापरात हळुवार लागतात का ते बघाच, पण मागे कोणी नाही याची खात्री करून, सोबतच्यांना सांगून, पन्नासच्या वेगावरून एकदा जोरात दाबा. पायाखाली थरथर आणि करकर झाली तर घाबरू नका, ती एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करतेय. गाडी सरळ राहिली पाहिजे. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची परीक्षा मात्र माणसापुढे किंवा दुसऱ्या गाडीमागे कधीही घेऊ नका.

स्क्रीनबद्दल एवढंच की चालत्या गाडीत, रस्त्यावरची नजर न काढता, एसीचा पंखा कमी-जास्त करता येतो का ते बघा. आणि शक्य असेल तर अंधार पडल्यावर दहा मिनिटं गाडी पुन्हा मागा. हेडलाइट कसे पडतात हे भर दुपारी कळत नाही, आणि हे मागणारा गिऱ्हाईक फार क्वचित असतो.

आता वापरलेली डिझेल. इथे पद्धत पूर्ण बदलते.

फोनवरच सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तेवढ्यापुरतं थांबा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. गार इंजिन जे सांगतं ते तापलेलं इंजिन लपवतं: सुरू व्हायला लागणारा वेळ, पहिल्या काही सेकंदांतला खडखडाट, धूर. डिझेल गार असताना थोडं टकटक करतंच, ते काळजीचं नाही. पण साखळी घासल्यासारखा आवाज काही सेकंदांनंतरही राहिला तर ते गंभीर आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. थंडीत पहिला मिनिटभर पांढरी वाफ दिसणं साहजिक आहे, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) इंजिनात जातंय असा संशय घ्या.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, डॅशबोर्डवर इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागलेच पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. बिघाड दिसू नये म्हणून कोणीतरी तो बंद केलेला असू शकतो. स्टिअरिंगखाली गाडीच्या संगणकाला जोडायची ओबीडी पोर्ट नावाची खाच असते, तिला लावायचा साधा स्कॅनर मिळतो. त्यात एरर नाही एवढ्यावर समाधान मानू नका. गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसत असतील तर नुकतेच एरर पुसले गेलेत किंवा बॅटरी काढली होती, असा त्याचा अर्थ. का, ते विचारा.

टायरच्या भिंतीवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या मजकुरात शेवटी चार आकडे असतात. ३५२१ असेल तर तो टायर २०२१ च्या ३५व्या आठवड्यात बनला. चारही टायरची तारीख आणि झीज बघा. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) किंवा सस्पेन्शनचा प्रश्न आहे. नक्षीच्या खोबणीतल्या १.६ मिलिमीटरच्या खुणांपर्यंत रबर आलं असेल तर टायरचा खर्च तुमच्या डोक्यावर आहे. पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड यांची झीज किलोमीटरच्या आकड्याशी जुळते का, तेही बघा. कमी किलोमीटर दाखवणाऱ्या वापरलेल्या गाडीत नुकतंच बदललेलं कोरं पेडल रबर दिसलं तर मी तिथेच सावध होतो.

चालवताना काचा खाली करा आणि एखाद्या लांब भिंतीच्या कडेने हळू जा. गाडीचे आवाज भिंतीवर आदळून कानात परत येतात, आणि आत बसून एरवी न ऐकू येणारी खटखटही कळते. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना हळू गोल फिरा. कट-कट-कट असा ठेका आला तर एक्सलचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) गेलाय. सपाट रस्त्यावर हात सैल सोडून बघा, पण घाईने निष्कर्ष काढू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला उतार दिलेला असतो आणि गाडी त्या बाजूला थोडी जातेच. दुसऱ्या रस्त्यावरही त्याच बाजूला ओढली तर दोष गाडीचा.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं टायरचीही असते आणि चाकाच्या बेअरिंगचीही. हळूच डावीकडे आणि उजवीकडे लहरत बघा. टायरचा आवाज फारसा बदलत नाही. बेअरिंगचा बदलतो, आणि डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजव्या बाजूचं बेअरिंग, कारण वजन तिकडे सरकतं. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, सीट थरथरली तर मागच्या चाकांचं. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल तर डिस्क एकसारख्या राहिलेल्या नाहीत.

क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपाट्याने चढलं आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. उभ्या गाडीत न्यूट्रलला क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारा भाग, गेलाय. उलट, दाबल्यावर आवाज थांबत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं जड चाक), आणि फ्लायव्हीलचं काम महागात जातं. दुसऱ्या गिअरला गार असताना करकरते का, हेही बघा.

परत आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभी राहू द्या. तापमानाचा काटा स्थिर राहिला पाहिजे, रेडिएटरचा पंखा सुरू झाला पाहिजे. खाली पाणी ठिबकलं तर ते एसीचं, चिंता नाही. तेलकट किंवा रंगीत द्रव असेल तर चिंता आहे. मग इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होतं का बघा.

एवढं करूनही अपघाताची दुरुस्ती, चेसिसचा वाक, खालचा गंज टेस्ट ड्राइव्हमध्ये कळत नाही. त्यासाठी डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर चढवून बघावीच लागते. डीलर याला नाही म्हणाला तर ती गाडी सोडून द्या, पुढे चर्चाच नको.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कितीही चालवून कळणार नाही. हल्लीच्या डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जाळायला आतलं तापमान साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं, आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. सात-आठ किलोमीटर गर्दीतून जाऊन बंद होणाऱ्या गाडीत हे काम सारखं अर्धवट राहतं. फिल्टर तुंबतो, आणि काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल पुष्कळ गाड्यांत इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आधीच्या मालकाचा वापर कसा होता ते सर्व्हिसच्या नोंदींतून विचारा. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघा. फिल्टर असलेल्या गाडीत तिथे दाट काळी काजळी असेल तर फिल्टर फुटलाय किंवा काढून टाकलाय. पण ही गाडी सगळ्या तपासण्यांत पास झाली तरी तुमच्या रोजच्या वापराला ती योग्य नाही, असंच मी सांगेन. दर आठवड्याला लांबचा मोकळा प्रवास होत असता तर सल्ला वेगळा दिला असता.

म्हणून डिझेलवर जास्त वेळ घालवू नका. मोठी गाडीच हवी असेल तर वापरलेली पेट्रोल किंवा हायब्रिड मागा आणि तिला वरच्या सगळ्या कसोट्या लावा. नाहीतर नवी ऑटोमॅटिक पुन्हा नीट चालवा: गर्दीत, चढावर, चाइल्ड सीटसह, दोघांनीही. उतरल्या उतरल्या, शोरूममध्ये शिरण्याआधी, खटकलेल्या गोष्टी फोनवर लिहून ठेवा. तिच्या तोडीची दुसऱ्या कंपनीची एखादी गाडी त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर चालवा.

घ्यायची ठरली तर बुकिंगच्या कागदावर एक गोष्ट लिहून घ्या: डीलरला उरलेले पैसे देण्याआधी प्रत्यक्ष मिळणारी गाडी बघायला आणि थोडी चालवायला मिळेल. चेसिस नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. तो गाडीवरचा आणि कागदावरचा एकेक अक्षर जुळवा. किलोमीटरचा आकडा बघा. नव्या गाड्या वाहतुकीसाठी जास्त हवा भरून पाठवतात, ती कमी केली का ते विचारा. फार दिवस एका जागी उभी राहिलेली असेल तर टायर एका बाजूला चपटे होऊन सुरुवातीला थडथड जाणवते. काही किलोमीटर चालून टायर तापल्यावर ती गेली तर ठीक, राहिली तर टायर बदलून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.